तुम्ही डोळे मिटू नका

सियागंज बाजारात माझ्या किराणा दुकानाला लागून एका दोस्ताचं सुतळी-दोराचं दुकान होतं. भर दुपारी शॉर्ट सर्किट झालं आणि ते जळून गेलं. तेव्हापासून तो बोलता बोलता थांबून हवा हुंगतो. "भिया, काही जळतंय का?" असं दिवसातून दहादा विचारतो. मग मलाही वास यायला लागतो.

त्या दिवसांत कुणीतरी त्याला चर्चमध्ये नेलं आणि तो तिथलाच झाला.

"प्रभू म्हणतो, फिरसे उभा राहा," तो सांगायचा. "राहतोय ना, पण पाय कापतात यार!"

परवा त्यानं त्याच जागी दुकान उघडलं. नारळ नाही, पूजा नाही. सुतळीच्या नव्या गठ्ठ्यांमध्ये स्टुलावर एक मेणबत्ती. त्याच्या हातून तीन काड्या मोडल्या. चौथी पेटली. मग त्यानं पाण्यानं भरलेली बादली माझ्या हातात दिली.

"मी डोळे मिटून प्रार्थना करतो. तुम्ही मिटू नका."

मी मिटले नाहीत. वाऱ्यानं ज्योत सुतळीकडे झुकली, तशी मी बादली वर उचलली. तो हळूच "आमेन" म्हणाला. मीही म्हणालो, त्याच्याहून मोठ्यानं.