हात की आवाज

परवा बंगळुरात चिकपेटच्या मेट्रो स्थानकातून वर आले आणि पहिल्याच गल्लीत कोऱ्या कापडाचा वास आला. खळीचा, किंचित आंबूस, नाकात घर करणारा. दुकानातून एकानं हाक मारली, "अक्का, मास्तर बरे आहेत की?" मी मान हलवली. बरे म्हणजे काय, हे रस्त्यात उभं राहून कसं सांगणार? मास्तर म्हणजे माझे यजमान. याच पेठेत त्यांनी उभा जन्म ब्लाऊज बेतले. गळ्यातली टेप नावाला, माप नजरेत. आणि तोंडाला क्षणाची उसंत नाही. गिऱ्हाइकांशी कन्नडात बोलायचे, कारागिरांशी मराठीत, आणि माझ्याशी भांडताना दोन्ही भाषा कमी पडायच्या.

पार्किन्सन आला तो आधी उजव्या हातात. कातरी खडूची रेघ सोडून जाऊ लागली. गोळ्या वाढत गेल्या. मग गोळी उतरली की अंग ताठ, आणि चढली की सगळं शरीर आपोआप हेलकावे घेत राही. शेवटी शस्त्रक्रिया झाली. मेंदूत खोलवर दोन बारीक तारा, छातीच्या कातडीखाली बॅटरी. यंत्र जुळलं त्या दिवशी त्यांनी भरलेला पेला एका हातानं उचलला आणि मी दवाखान्यात सगळ्यांदेखत रडले. यानं रोग थांबत नाही, काही लक्षणं तेवढी आवरतात, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. पण आनंदातल्या माणसाला पुढचं ऐकू येत नाही. पाच-सहा वर्षं खरोखर सुखाची गेली. मग हात स्थिर असूनही चालताना तोल जाऊ लागला, आणि आवाज विरत विरत नुसती कुजबुज उरली.

"करंट थोडा कमी केला तर बोलणं सुधारेल, पण हात पुन्हा कापतील," डॉक्टर म्हणाले. "काय हवं ते तुम्हीच ठरवा." यांनी माझ्याकडे न बघता आपल्या हातांकडे बोट दाखवलं. मला राग आला, सरळ सांगते. शिवण तर केव्हाच सुटलं होतं. मग माझ्याशी बोलण्यापेक्षा हात मोलाचे? घरापर्यंत मी फणफणत राहिले. भांडण अर्थातच एकतर्फी झालं. दुसऱ्या दिवशी अंघोळीहून यायला उशीर का, म्हणून डोकावले, तर स्वारी शर्टाचं शेवटचं बटण लावत होती. लागल्यावर माझ्याकडे बघून हसले. तेव्हा उमगलं. माझ्या हातून घास, माझ्या हातून कपडे, हे त्यांना नको होतं. मला मोकळं ठेवायला त्यांनी आवाजावर पाणी सोडलं होतं, आणि मी मात्र रुसून बसले होते.

पुढच्या खेपेला मीच डॉक्टरांना गळ घातली. त्यांनी यंत्राच्या रिमोटवर दोन जुळण्या करून दिल्या: दिवसभर हातांची, आणि संध्याकाळी तासभर बोलण्याची. पहिल्या संध्याकाळी टीव्ही बंद करून, मी त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि बोलण्याचं बटण दाबलं. हळूहळू हात थरथरू लागले. एवढ्या दिवसांचं साठलेलं आता काय बाहेर येणार, म्हणून मी श्वास धरून होते. त्यांनी घसा खाकरला. "तुझ्या आमटीत मीठ स्वल्प जास्तच असतं. दोन वर्षं झाली, सांगीन म्हणतोय." मी हसले, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

आता त्या तासातही आवाज येत नाही. तारा जागच्या जागी आहेत, रोग मात्र पुढे निघून गेला. बटण दाबलं नाही तरी चालेल, असं डॉक्टर म्हणतात. तरी सहा वाजले की हे रिमोट माझ्यापुढे सरकवतात आणि मी बटण दाबते. हात कापू लागतात, ते मी माझ्या हातांत घेते. दिवसभर कुणाची मदत न घेणारा हा माणूस तेवढा तासभर हात सोडवून घेत नाही.