डाव्या नाकपुडीची वाफ

काकीचा फोन आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. दादाकाका जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला. कोल्हापूरहून मालवणला पोचेपर्यंत माझ्या मनात मात्र एकच घोळत होतं... त्यांच्या नाकाचं ऑपरेशन मी करायला लावलं होतं.

काका एसटीत कंडक्टर होते. पासवरचा फोटो आणि प्रवाशाचा चेहरा दोनदा पडताळल्याशिवाय पुढे सरकत नसत. निवृत्तीनंतर बाजारात बांगड्याचे कल्ले उघडून बघत, मग मासेवालीचं तोंड बघत. नाकाचं हाड वाकडं, डावी नाकपुडी जवळपास बंद. झोपेत जीव घाबरा व्हायचा. मीच हट्टाने त्यांना माझ्याकडे आणलं आणि हाड सरळ करून घेतलं. घरी परतल्यावर आठवड्यातच तक्रार सुरू झाली. "अरे, आदी वारो नाकात गरम होऊन जाय. आता थंडगार सरळ छातीत जाता. तुझ्या डाक्टरान आतला कायतरी काढून घेतल्यान!" डॉक्टरांनी फोनवर समजावलं, की नाक हवा नुसती आत घेत नाही, ती कोमट आणि ओलसर करून पाठवतं, वाट मोकळी झाली की आतल्या अस्तराला सावरायला काही महिने लागतात. काकांच्या लेखी ही शुद्ध थाप होती.

तपासताना डॉक्टरांनी त्यांच्या नाकाखाली थंड पत्रा धरून वाफेचे दोन डाग दाखवले होते. तेवढं मात्र काकांनी उचललं. रोज सकाळी दाढीचा आरसा नाकाखाली धरायचा आणि दोन डाग एकमेकांशी पडताळायचे. रविवारी मी फोन केला की निकाल ठरलेला. "डावी कमीच आसा." आठ महिने हेच. मी चिडायचो, पण अपराधी वाटून फोन चुकवायचो नाही. त्याआधी गणपती आणि दिवाळी सोडली तर मी कधी फोन केला होता?

बाराव्याला काकीने तो आरसा पदराने पुसून माझ्या हातात दिला. म्हणाली, "रे, तीन म्हयन्यांआदीच दोनव डाग सारखे इल्ले. माका म्हणाले, गो, तेका सांगू नको हां. कळला तर तो फोन करूचो नाय."

मी ओटीवरच बसलो आणि रडलो. रडता रडताच शंका आली... मला बरं वाटावं म्हणून काकी हे रचून तर सांगत नाही ना? मी तिच्या चेहऱ्याकडे दोनदा निरखून पाहिलं.

"असो काय बघतंस? तुझे काका असेच बघीत," ती म्हणाली.

आरसा आता माझ्या बेसिनवर आहे. दाढी झाली की मीही तो नाकाखाली धरतो. रविवारचा फोन काकीला जातो. परवा बोलणं संपत आलं होतं, तेवढ्यात ती घाईने म्हणाली, "रे, हल्ली माझी पण डावी नाकपुडी चोंदता हां."

संशय आलाच. पण पडताळून पाहिलं नाही.