रडण्याचं प्रॅक्टिकल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाई, म्हणजे मला नीट सांगता येईल. कारण मी जी माती खाल्ली ना, तशी अख्ख्या धुळ्यात कोणी खाल्ली नसेल. अहो, धडधाकट माणसांच्या घरात मी मयत घडवून आणली! तीही भर रविवारी!

घ्या, चहा घ्या. पहिल्यापासून सांगते.

मी पिंपळनेरजवळच्या खेड्यातली. बारावीनंतर घरी भांडून भांडून बी.एस्सी.साठी धुळ्याला आले. देवपुरात एका गल्लीत वरची खोली घेतली, खाली घरमालक नाना. गल्ली तशी माणसांनी गच्च, पण मला कोण विचारतंय? माझं तिथलं नाव 'वरची पोरगी'. समोरच्या सुमनअक्का रोज सकाळी ओट्यावर गहू निवडत बसायच्या. मी जाताना हसायचे, त्या परत गव्हाकडे बघायच्या. झाली आमची ओळख!

आमच्या घरी अंगणात पाय ठेवायला जागा नसते इतकी माणसं. आणि इथं मी भिंतीवरच्या पालीशी बोलायला लागले होते. खोटं नाही सांगत! एक दिवस ती दिसली नाही तर मला जेवण गेलं नाही. माय फोनवर विचारायची, "कशी शेस बेटा?" मी म्हणायचे, "मस्त शे!" भांडून आले होते ना, दुसरं काय सांगणार? फोन ठेवला की पाय पोटाशी घेऊन पडायचं. दिवाळीला घरी गेलं की परत यायचंच नाही, असं मनात जवळजवळ पक्कं झालं होतं.

त्यात हे नाटक आलं. आमच्या कॉलेजात विज्ञानवाल्यांनीही एक विषय बाहेरचा घ्यायचा असा नियम होता. योगाचा वर्ग भरला, फोटोग्राफीचा भरला, उरला 'नाट्यपरिचय'. म्हटलं चला, नाटक म्हणजे चार माणसं तरी आली. सर म्हणाले, गट पाडा. सगळ्यांनी पटापट पाडले. आणि मधोमध मी उभी, एसटीत विसरलेल्या पिशवीसारखी.

"हरकत नाही," सर म्हणाले, "तू एकपात्री कर."

"एकटीनं, सर?"

"एकपात्री एकटीनंच असतं गं!"

बघा, नशीब कसं शोधत येतं. माझ्या वाट्याला प्रसंग आला रडण्याचा. सरांनी बजावलं, "ग्लिसरीन चालणार नाही. आवाज बेंबीच्या देठापासून आला पाहिजे. ज्याची खूप आठवण येते त्याला डोळ्यांपुढे आण आणि रड. मंगळवारी प्रॅक्टिकल."

रविवारी दुपारी मी दार लोटून आरशासमोर उभी राहिले. आधी मुसमुसून पाहिलं, तर पडसं झाल्यासारखं वाटलं. मग हुंदके दिले, तर उचकी लागल्यासारखं. आता मोठ्यानं रडायचं म्हणजे मला एकच पद्धत माहीत. आमच्याकडं कोणाच्या घरी मयत झाली की बायका त्यांच्या दारावर जातात. गल्लीच्या तोंडापासूनच सूर लावतात. त्या रडण्याला चाल असते, शब्द असतात, गेलेल्या माणसाला हाका असतात. लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे पाठच होतं. डोळे मिटले, मायला समोर आणलं आणि लावला सूर.

"माय वं माय! मले येकली टाकीसन कथी गयी वं माय!"

काय आवाज लागला म्हणून सांगू! माझं मलाच भरून आलं. दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. आणि धाडकन दार उघडलं.

सुमनअक्का! पायात चप्पल नाही, हाताला कणीक तशीच. आल्या आणि मला मिठीत घेऊन माझ्यापेक्षा मोठ्यानं रडायला लागल्या. मागून शेजारची आली, तिच्या मागून तिची सासू आली. खोलीत बसायला जागा उरली नाही. मी आपली वेड्यासारखी विचार करतेय, माझा अभिनय इतका चांगला?

मग डोक्यात प्रकाश पडला. हा सूर धुळ्यात कोणालाही कळतो हो! तो कानावर पडला की अर्थ एकच, मयत.

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं ना! सांगणार कसं? अशा घरी आल्यावर काही विचारायचं नसतं आणि दुःखातल्या माणसाला बोलूही द्यायचं नसतं. आधी रडून घ्यायचं.

"अक्का, ऐका ना, माझी माय मेली नाही!"

"तसंच वाटतं बेटा," अक्का माझं डोकं छातीशी दाबत म्हणाल्या. "माझी माय जाऊन इतकी वर्षं झाली, मलासुद्धा अजून वाटत नाही."



आणि खरं सांगू? ओरडून सांगता आलं असतं. पण अक्कांचा हात माझ्या पाठीवरून फिरत होता. धुळ्यात आल्यापासून माझ्या पाठीवर कोणी हात ठेवला नव्हता. मला वाटलं, राहू दे अजून थोडा वेळ.

तेवढ्यात जेवण आलं. मयतीच्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजारी आणतात, हे तुम्हाला माहीतच आहे. गरम पिठलं, ज्वारीची भाकरी, कांदा, ठेचा. मेसच्या डब्यातली पाण्यासारखी डाळ खाऊन माझी जीभ मेलेली. मी अशी तुटून पडले की अक्कांची भाकरी वाढता वाढता दमछाक झाली. कोपऱ्यातली सासू सुनेला म्हणालीसुद्धा, "दुःखात इतकं जेवणारी पोर पहिल्यांदाच देखी राहिनू!"

इकडं हे, आणि खाली नाना कर्तव्याला लागले होते. त्यांच्याकडं आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, नंबर होता. त्यांनी लावला. फोन उचलला मायनं!

"मी पोरीचा घरमालक. तिकडून कोण बोलतंय?" नाना.

"मी पोरनी माय."

नानांनी हिशेब मांडला. माय तर जिवंत. मग गेलं कोण? हिचे वडीलच गेले असणार, शेतात वगैरे, आणि या माउलीला अजून पत्ता नाही. आपण कशाला फोनवर सांगायचं? म्हणून मोठ्या शहाणपणानं म्हणाले, "ताई, ताबडतोब पोरीकडं या. काही विचारू नका. चार माणसं सोबत आणा." आणि फोन ठेवून दिला.

आता तुम्हीच सांगा, मायनं काय समजायचं? आबा समोर बसून चहा पीत होते. म्हणजे गेली ती पोरगी!

नंतर माझ्या फोनवर फोन आले म्हणे. तो आरशामागं चार्जिंगला, आवाज बंद करून ठेवलेला. प्रॅक्टिसमध्ये व्यत्यय नको ना!

दिवेलागणीला कांद्याची पिकअप गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि तिथूनच सूर लागला. आमच्या घरच्या सगळ्या बायका! तो ऐकून गल्लीतल्या बायका खाली धावल्या, "आले, नातेवाईक आले!" दोन्हीकडच्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या. या मायसाठी रडताहेत, त्या माझ्यासाठी. नाना आबांना बघून भूत बघितल्यासारखे जिन्यात बसले. माय तर अक्कांच्याच खांद्यावर डोकं टेकून रडत होती. आणि मी? मी खिडकीत आले, हातात भाकरी.

मायनं वर पाहिलं.

माय जिना चढून आली, आधी एक सणसणीत थोबाडीत दिली आणि मग असं कवटाळलं की माझा श्वास अडकला.

"मी जित्ती शे ना वं! मन्हा नाववर कसाले रडी ऱ्हायनी तू?"

"सरांनी सांगितलं होतं," मी कशीबशी बोलले, "ज्याची खूप आठवण येते, त्याच्यासाठी रड."

मायनं माझी हनुवटी धरली. "तू तं फोनवर मस्त शे म्हने!"

मग मात्र माझा बांध फुटला. त्याला ना चाल होती ना शब्द. नाक गळतंय, तोंड वाकडं झालंय, आणि सगळ्यांसमोर मी सांगतेय की मला इथं कोणी नाही, मी पालीशी बोलते.

आता गल्ली माझी हाडं मोडणार, असं मला वाटलं. अक्का चिडल्याच होत्या, पण भलत्याच गोष्टीवर.

"इतकी एकटी होतीस तर समोर यायला काय झालं होतं?"

"तुम्ही गहू निवडत होत्या."

"मग बसायचं ना निवडायला!"

त्या रात्री दोन्हीकडची माणसं अक्कांच्या घरी जेवली. माय माझ्यावर भरवसा न ठेवता मंगळवारपर्यंत राहिली.

मंगळवारी प्रॅक्टिकलला गेले तर पहिल्या रांगेत माय, सुमनअक्का, ती सासू, ती सून, आणि कडेला नाना. सर म्हणाले, "वा, प्रेक्षक घेऊन आलीस! कर सुरुवात."

मी डोळे मिटले. ज्याची खूप आठवण येते त्याला शोधायला लागले. कोणी सापडेना! डोळे उघडले तर सगळे समोर बसलेले, आणि अक्का मान हलवून मला खुणावताहेत, हां, लाव सूर! मला जे हसू फुटलं, ते थांबेचना. पोट धरून खाली बसले. सर "आठवण काढ, आठवण काढ" म्हणून ओरडताहेत आणि मी खिदळतेय.

शेवटी सर वैतागले. "तुझ्या रडण्यात अजिबात खरेपणा नाही. पुन्हा परीक्षा द्यावी लागेल."

तशा अक्का पदर खोचून उभ्या राहिल्या. भर वर्गात, खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"असं कसं सर? घरी लय चांगली रडते ही!"