झाडून काढलेलं खळं

आमच्या खानदानात अर्ज लिहायचं खातं माझ्याकडे आहे. रेशनकार्डातलं चुकलेलं नाव असो की भाचीचा दाखला, 'माननीय महोदय' माझ्याच पेनातून निघतं. त्यातून कामं किती झाली, हे विचारू नये. बायको म्हणते, "तुमच्या अर्जाला उत्तर छान येतं. काम तेवढं होत नाही." तरीही काकीचं बोलावणं आलं, तेव्हा मी चष्मा पुसून तयार होतो.

काकी म्हणजे माझ्या चुलत्याची बायको. आमचं मूळ गाव बेलापूरच्या खाडीला लागून. मी केव्हाच सेक्टरमधला फ्लॅटवाला झालो, काकी मात्र तिथेच राहिली. जेट्टीजवळ एक खळं आहे, मासळी सुकवायचं मैदान. काकी आणि गावातल्या सात-आठ जणी तिथे जवळा पसरतात, बांबूंवर बोंबील टांगतात. खळ्याचा सातबारा कुणाच्याच नावावर नाही, पण काकीच्या सासूची सासूही तिथेच बसायची.

पालिकेच्या नव्या विकास आराखड्यात त्या जागी एक राखाडी चौकोन होता. त्यावर लिहिलं होतं: 'मोकळी जागा. प्रस्तावित वाहनतळ.' लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या होत्या.

"मोकली कशी?" काकी भडकली. "आमी काय तिथं निजाया जातो?"

मी चार पानी हरकत लिहिली. 'उपजीविका', 'परंपरागत वहिवाट' असे शब्द वापरले. वाचून दाखवली तेव्हा काकी म्हणाली, "बरा लिवलाय. पन यान जवला कुठं हाय?" खरंच, चार पानांत जवळा कुठेच नव्हता. मग शेवटी एक ओळ घातली.

सुनावणीला प्रत्येकाला तीन मिनिटं. त्यातली दोन मी प्रस्तावनेत घालवली. तेवढ्यात काकी उठली आणि समोरच्या साहेबांना म्हणाली, "सायबा, तू एकदा येऊन बघ. मंग ठरव." सभागृह हसलं. साहेब हसले नाहीत. भले गृहस्थ होते. म्हणाले, "मंगळवारी सकाळी येतो, आजी."

आम्ही जिंकल्यासारखे घरी आलो. आणि इथे माझी अक्कल आडवी आली.

मी म्हणालो, "काकी, साहेब येणार. नाकाला रुमाल लावून उभे राहिले तर काय मत होईल आपल्याबद्दल? त्या दिवसापुरतं जरा आवरून घेऊ."

"मासलीच हाय ती पोरा, अत्तर नाय. वास मारनारच."

"अगं, पण पाहुणा येतोय ना?"

पाहुणा म्हटल्यावर काकीचा नाइलाज झाला. आमच्याकडे दारात माणूस येणार म्हणजे अंगण झाडायचं, हे काही शिकवावं लागत नाही. सोमवारी बायकांनी सगळा जवळा उचलला. बांबू काढून भिंतीला लावले, जाळी होड्यांत टाकली. खळं असं झाडलं की साखरपुडा करता आला असता. मी स्वतः फिनेल शिंपडलं. कुणीतरी रांगोळी काढली. मी खुर्च्या आणि छत्री भाड्याने आणली आणि त्या व्यवस्थेवर खूशही होतो.

साहेब वेळेवर आले. शहाळं प्यायले. चहूकडे पाहून म्हणाले, "छान ठेवलीय जागा." बरोबरच्या माणसाने फोटो काढले.

"मासळी कुठे सुकवता?" त्यांनी विचारलं.

"हिथंच," काकी म्हणाली. "आज तुमच्यासाटी उचलली."

साहेबांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. जाताना काकीने त्यांच्या हातात सुकटीची पिशवी दिली. त्यांनी ती नम्रपणे परत केली.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. भाषा माझ्यापेक्षा चांगली होती. 'प्रत्यक्ष स्थळपाहणीत सदर जागा पूर्णतः मोकळी आढळून आली. सबब हरकत अमान्य.' सोबत फोटो जोडला होता. त्यात स्वच्छ, रिकामं खळं होतं आणि मधोमध मी, हात पसरून मैदान दाखवत उभा.

मी धावत साहेबांना भेटायला गेलो. त्यांनी बसवून घेतलं. "तुमचं खरंही असेल हो. पण मी जे पाहिलं तेच लिहिणार ना?" वर अपील करता येईल का, विचारलं. म्हणाले, करा, पण सोबत हाच फोटो जाईल.

तिथून तडक काकीकडे गेलो. मी म्हणालो, "काकी, चूक माझी. मीच आवरायला लावलं." ती शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तू आता काय लिवू नको."

मग तिने विचारलं, "कदी येतील?"

तेही पत्रात नव्हतं. कुंपणाचे पत्रे ठोकायला माणसं उद्या येतील की पुढच्या वर्षी, कुणालाच ठाऊक नाही. ओला जवळा घेतला आणि त्याच सकाळी खळं बंद झालं, तर सगळा कुजणार. म्हणून काकी हल्ली होडीवरून अर्धीच पाटी घेते. परवा गेलो तेव्हा एवढ्या मोठ्या खळ्यात तिने एका कोपऱ्यात चटईएवढा जवळा पसरला होता. बाकीच्या बायकांचंही तसंच. मधली सगळी जागा मोकळीच होती.