टोपली उन्हात होती

शनिवारची माझी कामं ठरलेली असतात आणि ती मी आदल्या दिवशीच लिहून ठेवते. त्या शनिवारी टाकी धुणाऱ्यांना फोन, इस्त्रीचे कपडे आणि लिफ्टच्या कंत्राटाचं नूतनीकरण एवढं होतं. पहिलंच काम चालू असताना खालून वॉचमनचा इंटरकॉम आला. "मॅडम, मछलीवाली मौसी को पुलिस ले गया. टोकरी के साथ." वाक्य त्याने इतक्या सपाट आवाजात म्हटलं, की मला ते समजायला वेळ लागला.

आमची इमारत नवघरला आहे, आणि सोसायटीची सेक्रेटरी मी आहे. मावशी समुद्रकाठच्या पाली गावची. पाच-सहा वर्षं ती आमच्याकडे मासे घेऊन येतेय. आमच्याकडे बहुतेक घरांत नवराबायको दोघंही नोकरीला, त्यामुळे मासे घ्यायला दारात कुणी नसतं. म्हणून एक पद्धत पडून गेली. सकाळी मावशीला फोन करून काय हवं ते सांगायचं आणि चावी दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटात ठेवून निघायचं. मावशी खाली बसून मासे कापते, साफ करते, वर जाऊन कुलूप उघडते, मासे फ्रीजमध्ये ठेवते आणि चावी परत जागेवर टाकून जाते. शहरातून आलेल्या माझ्या नणंदेला हे ऐकून घाम फुटला होता. आम्हाला त्यात विशेष काही वाटत नव्हतं.

चौथ्या मजल्यावरच्या तरुण जोडप्याच्या कपाटातली सोन्याची साखळी गेली, हे मला दोन दिवसांपूर्वी कळलं होतं. कुलूप तुटलेलं नव्हतं. त्यांनी पोलिसांत तक्रार अर्ज दिला आणि चावी कुणाला माहीत होती या प्रश्नावर मावशीचं नाव लिहिलं. मला ते अर्ज देऊन झाल्यावर सांगितलं.

मी रिक्षा करून पोलीस ठाण्यात गेले. मावशी आतल्या खोलीबाहेर बाकड्यावर बसली होती. टोपली बाहेर आवारात भिंतीला टेकून ठेवलेली. वरचं ओलं गोणपाट वाळायला लागलं होतं, आणि सकाळी तिथे असलेली सावली सरकून पुढे गेली होती. मी विचारलं, काय म्हणाले? मावशी म्हणाली, काहीच नाही, नुसतं बस म्हणाले. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ती दारातून टोपलीकडे बघत होती. "बोंबील हायत ग बाय," एवढंच ती म्हणाली. बोंबील उन्हात किती टिकतात हे मलाही माहीत होतं.

सेक्रेटरी म्हटल्यावर इमारतीची माहिती मिळेल म्हणून अधिकाऱ्याने मलाही आत बसू दिलं. चाळिशीचा, नीटनेटका माणूस. आवाज चढवणं वगैरे काही नाही. मला वाटलं होतं तसं टेबल त्याने एकदाही आपटलं नाही, आणि माझं कुतूहल तिथेच जागं झालं. टेबलावर एक जाड फाइल होती. तिच्यावर हात ठेवून तो म्हणाला, "आम्हाला सगळं कळलंय, मावशी. तुझ्या तोंडून ऐकायचंय फक्त." वाऱ्याने फाइलचं कव्हर उचललं तेव्हा मला वरचा कागद दिसला. कुणाच्या तरी मोटारसायकलचा पंचनामा होता.

मग तो बराच वेळ काही बोललाच नाही. पेन फिरवत बसला. त्या शांततेत माझ्याच तोंडून काहीतरी निघणार होतं. चाव्या कुठे ठेवतात, कुणाकुणाला माहीत आहे, मावशीबरोबर कधी कधी तिची भाची येते, असं सगळं जिभेवर आलं. न विचारता. मी पाण्याची बाटली उघडली आणि तोंडाला लावली. ऑफिसमधल्या मुलाखतींत मीही उमेदवारासमोर अशीच गप्प बसते, हे पाणी पिताना लक्षात आलं.

एक हवालदार चहा घेऊन आला आणि मावशीच्या बाजूने बोलायला लागला. वय झालंय, कष्टाची बाई आहे, साहेब, संसार आहे तिला. साहेबांनी मान हलवली आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "अडचण होती म्हणून घेतलीस, की कुणी घ्यायला लावलं?"

या प्रश्नाचं मला कौतुक वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. दोन पर्याय, आणि दोन्हींत साखळी तिनेच घेतलेली. लेकाला मी रोज सकाळी विचारते, आंघोळ आधी करतोस की नाश्ता आधी? आंघोळ करणार नाही हा पर्याय मी ठेवतच नाही. पण माझ्या प्रश्नाने फार तर एक आंघोळ होते.

मावशी पुन्हा दाराकडे बघत होती. साहेब म्हणाले, "माणसाकडून चूक होते. चुकलं म्हण, विषय मिटवू, जा तुझ्या धंद्याला."

मावशीने हात जोडले. "चुकलं, सायब."

साहेबांनी कागदावर पेन टेकवलं. मी मावशीकडे बघत राहिले. तिने साखळी घेतली असेल असं मला क्षणभरही वाटत नव्हतं. मग ही असं का म्हणाली? धमकी नव्हती, मार नव्हता, चहाचा कप तर अजून अर्धा होता.

माझी मामेबहीण ठाण्याला वकिली करते. मी बाहेर आवारात जाऊन तिला फोन लावला. ती माझ्यासारखीच आहे, हाय-हॅलोत वेळ घालवत नाही. तिने आधी विचारलं, गुन्हा नोंदवलाय का? नुसताच अर्ज असेल तर अशी बसवून ठेवता येत नाही, अटक केलेली नाही हे त्यांच्या तोंडून वदवून घे. गुन्हा नोंदवला तरी साक्षीदार म्हणून बोलवायला लेखी नोटीस लागते, आणि बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, तिच्या घरी जावं लागतं. तपासात पोलिसांनी लिहिलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते. न वाचलेल्या कागदावर अंगठा तर अजिबात नाही. अटक केली तर कारण सांगायला हवं, घरच्यांना कळवायला हवं, वकील मिळायला हवा आणि चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे न्यायला हवं.

"आणि ती चुकलं म्हणाली त्याचं काय?" मी विचारलं.

"पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही. पण त्यावरून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. आणि कोर्टाचं सोड, तुमच्या इमारतीत काय चालेल ते बघ. आत जा. भांडू नकोस, विचार."

हे सगळं मी पर्सेतल्या बिलाच्या मागे लिहून घेतलं आणि आत गेले. विचारलं, गुन्हा नोंदवलाय का? साहेब म्हणाले, नोंदवायचाय. मग मावशीला अटक केलेली आहे का? नाही हो मॅडम, नुसती चौकशी. मग ती आत्ता जाऊ शकते? त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पुढची चौकशी तिच्या घरी केलीत तर बरं होईल, तसा नियम आहे असं माझी वकील बहीण म्हणते, आणि मी स्वतः हजर राहीन.

"वकील बहीण," साहेब हवालदाराला म्हणाले. "आजकाल प्रत्येकाला एक असते." पण त्यांनी लिहायला घेतलेला कागद मावशीच्या अंगठ्यासाठी पुढे केला नाही. बुधवारी पालीला येतो म्हणाले.

बाहेर येऊन मावशीने गोणपाट उचललं, वास घेतला आणि टोपली उचलून नाल्याच्या दिशेने निघाली. तू चुकलं का म्हणालीस, हे मी त्या वेळी विचारलं नाही.

रविवारपर्यंत इमारतीत बातमी पोचली होती: मावशीने कबूल केलं. ही बातमी कुठून आली कुणास ठाऊक. चपलांच्या कपाटातल्या चाव्या गायब झाल्या. एका बाईंनी कुलूपच बदललं. मावशीचं अर्ध्याहून जास्त गिऱ्हाईक आमच्या आणि शेजारच्या दोन इमारतींत होतं, आणि त्या इमारतींचे वॉचमन आमच्या वॉचमनचे गाववाले. ती बुधवारी काय बोलते यावर तिचा धंदा राहणार की जाणार हे ठरणार होतं.

बुधवारी मी अर्धी रजा टाकून पालीला गेले. गल्ली इतकी अरुंद की साहेबांना मोटारसायकल तोंडाशी लावून चालत यावं लागलं. बरोबर एक महिला कॉन्स्टेबल होती. मावशी घराच्या ओटीवर विळी घेऊन बसली होती, मागे भिंतीवर क्रूस, दोरीवर सुकत घातलेले मासे. साहेबांना प्लास्टिकची खुर्ची दिली. ती खालच्या फरशीवर नीट टेकत नव्हती, म्हणून ते जरा तिरके बसले. समोरच्या दोन घरांतल्या बाया काहीही काम नसताना दारात उभ्या राहिल्या. त्यांतली एक कॉन्स्टेबलला विचारत होती, तुमचं लग्न झालं का?

साहेबांनी तोच प्रश्न विचारला. अडचण होती की कुणी घ्यायला लावलं?

"मी न्हाय घेतली," मावशी म्हणाली. विळीवरून मानही न उचलता.

"मग शनिवारी चुकलं का म्हणालीस?"

आता मावशीने वर पाहिलं. प्रश्न विचित्र असल्यासारखं. "गिऱ्हाईक बोंब मारीत आलं की मी आधी चुकलं म्हणते. मग टोपलीत बघते काय झालंय ते. भांडत बसले तर बाकीचा माल जातो ना. तुमी म्हणाले, चुकलं म्हण आणि जा. माझे बोंबील उन्हात."

दारातल्या बाया हसल्या. साहेब हसले नाहीत. पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग त्यांनी पहिल्यांदाच असा प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर त्यांना आधीपासून माहीत नव्हतं. "त्या घरात शेवटची कधी गेलीस?"

साखळी गेली त्या आठवड्यात ती आत गेलीच नव्हती. मासे घेऊन गेली तेव्हा दार आतून उघडलं. घरात माणूस होता, त्यानेच पिशवी हातात घेतली. कोण माणूस? साहेबाचा भाऊ ना तो, मावशी म्हणाली, म्हणजे त्या तरुणाचा. आठवडाभर राहायला आला होता, कोलंबी आवडते त्याला.

साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, अर्जात भावाचा उल्लेख आहे का? मला माहीत नव्हतं. त्यांनी स्वतः फाइल उघडली. या वेळी ती पातळ होती, आणि याच प्रकरणाची होती. उल्लेख नव्हता. मावशीला इतके प्रश्न विचारले गेले, पण तिने काय पाहिलं हे कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत कळलं. त्या तरुणाने भावाला फोन केला, घरात मोठी रडारड झाली, आणि साखळी परत आली. अर्ज मागे घेतला. तो संध्याकाळी माझ्याकडे आला, हातात अर्ज मागे घेतल्याची प्रत. काकू, घरचा मामला आहे, कुठे बोलू नका. मी म्हटलं, तुझ्या भावाबद्दल मी बोलणार नाही. पण मावशीबद्दल तुला बोलावं लागेल. इमारतीला वाटतंय तिने कबूल केलंय.

तो म्हणाला, बोर्डावर नोटीस लावूया का? सेक्रेटरी म्हणून मला नोटिसा आवडतात, पण आमच्या बोर्डावरच्या नोटिसा कोण वाचतं ते मला माहीत आहे. मी म्हटलं, रविवारी मावशी येणार आहे. खाली ये, सगळ्यांदेखत तिच्याकडून मासे घे, आणि जे म्हणायचंय ते तिथेच म्हण.

रविवारी तो खाली आला. गेटपाशी चार-पाच जण नुसतेच उभे होते, टोपलीपासून जरा लांब. तो मावशीसमोर उकिडवा बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "मावशी, साखळी सापडली. घरातच होती. तुमचं नाव मी उगाच दिलं." मग त्याने खिशातून चावी काढून पुढे केली.

मावशीने चावीकडे पाहिलं आणि कोलंबी तराजूत घालत राहिली.

"चावी ठेव तुझ्याकडं," ती म्हणाली. "घरी असशील तवा बोलव. मी वर येईन, तू दार उघड, आणि मोजून घे."

त्याने मान हलवली आणि कोलंबी घेतली. मग ज्या बाईंनी कुलूप बदललं होतं त्या पुढे आल्या आणि सुरमईचा भाव विचारला. मावशीने नेहमीपेक्षा चढा सांगितला. त्यांनी घासाघीस केली नाही.