खोकरी मोरी

मी जन्माचा संशयी. बायको म्हणते, तुम्ही दुधात पाणी दिसलं तर म्हशीचीसुद्धा जबानी घ्याल. घेईनही! कल्याणच्या कचेरीत लोकांच्या जबान्या उतरवून घेण्यात माझी उमर गेली. खोटं बोलणारा माणूस मला उंबऱ्यातच कळतो, अशी माझी घमेंड होती. ती कशी उतरली ते आज सांगून टाकतो.

त्या साली घाटावर बंडवाले उठले होते. रोज नवी आवई. आज म्हणे खजिना लुटणार, उद्या म्हणे तारा तोडणार. बाजारात अनोळखी पागोटं दिसलं की दुकानदार बोलणं थांबवून त्याच्या पायांकडे बघत, धूळ घाटावरची की इथली! मीही बघायचो. माझ्याकडेही कुणी बघत असेल. आणि एका सोमवारी कचेरीत बातमी आली, की बंडवाले याच आठवड्यात ठाणे-कल्याणच्या दरम्यान रूळ उखडून आगगाडी पाडणार आहेत.

आमची एकुलती एक मुलगी ठाण्याला दिलेली. तिला सातवा महिना, आणि गुरुवारी दुपारच्या गाडीने ती बाळंतपणाला माहेरी यायची होती. एक चिठ्ठी पाठवून तिला थांबवता आलं असतं, नाहीतर मचव्याने खाडीतून आणता आलं असतं. पण हे आज सुचतं. भीतीने एकदा मानगूट धरली की माणसाला साधी गोष्ट सुचत नाही.

आमच्या शेजारी फौजदार राहायचा, वर्षापूर्वीच बदलून आलेला. संध्याकाळी आम्ही ओटीवर सोंगट्या खेळत असू. त्याने दोनच दिवसांपूर्वी खाडीवरच्या एका नावाड्याला धरलं होतं. तीन परके इसम त्याने होडीतून पलीकडे उतरवले, एवढाच त्याच्यावर वहीम. त्या सोमवारी मी सोंगट्यांना हातही न लावता विचारलं, "काही बोलला का तो?"

"मुखस्तंभ आहे लेकाचा. गोडीगुलाबीने नाही बोलायचा." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, "अहो लेखणीबहाद्दर, तुम्ही कायदा जाणणारे. मी त्याला चार तडाखे दिले आणि गाडीतली दोनशे माणसं वाचली, तर पाप कुणाला?"

एरवी मी त्याला अर्धी घटका कायदा ऐकवला असता. त्या दिवशी म्हणालो, "पाप मला लागू दे. पण गुरुवारच्या आत त्याच्याकडून काढून घे. काय वाटेल ते कर."

हे माझे शब्द. कुणी माझ्या तोंडात घातलेले नाहीत.

"पण करतील कुठे, काही अंदाज?" त्याने विचारलं. "तुमचं ठाण्याला सारखं जाणं-येणं."

"करायचंच असेल तर ठाकुर्लीच्या शिवारात," मी म्हणालो, "खोकऱ्या मोरीपाशी. आजूबाजूला चिटपाखरू नसतं." त्याने मान डोलावली आणि उठून गेला.

आता हे नाव काय ते सांगायला हवं. मुलगी चार वर्षांची असताना आम्ही तिला पहिल्यांदा आगगाडीत बसवलं होतं. ठाकुर्लीजवळच्या एका लहान मोरीवरून जाताना चाकांचा आवाज बदलला, तशी ती टाळ्या पिटत ओरडली, "अण्णा, गाडी खोकली!" तेव्हापासून आमच्या घरात ती खोकरी मोरी. हे नाव सरकारच्या नकाशात नाही, ठाकुर्लीकरांच्याही तोंडी नाही. साऱ्या दुनियेत ते तीन माणसांना ठाऊक होतं. सोमवारपासून चौथ्याला.

मंगळवारी आणि बुधवारी चावडीमागच्या कोठडीकडून मिरच्यांच्या धुराचा ठसका येत होता. आम्ही सगळे कारकून पदराआड तोंड लपवणाऱ्या सासुरवाशिणींसारखे उपरणी नाकाला लावून लिहीत बसलो होतो.

गुरुवारी सकाळी नावाड्याला मॅजिस्ट्रेट साहेबांपुढे आणलं. साहेब इंग्रज, पण सरळ माणूस. नियमाप्रमाणे पोलिसांना बाहेर काढलं. फौजदाराचे बूट मात्र पडवीत करकरत राहिले. साहेबांनी त्यांच्या पुस्तकी मराठीत विचारलं, "तू हे स्वखुशीने सांगतोस?" नावाडी दाराकडे बघत म्हणाला, "व्हय." त्याच्या दोन्ही हातांची बोटं सुजून केळ्यांएवढी झाली होती. साहेबांनी ती पाहिली असतील का? मी पाहिली.

पोलिसांनी लिहून आणलेला कबुलीजबाब मी मोठ्याने वाचायला लागलो. वाचता वाचता ओळ आली, 'आम्ही ठाकुर्लीचे शिवारात खोकरी मोरी म्हणतात तेथील रूळ उखडणार होतो.'

ती ओळ मी पुन्हा वाचली. अरे देवा! माझ्या लेकीचा बोबडा शब्द माझ्या तोंडून फौजदाराकडे गेला, फौजदाराकडून त्या कोठडीत गेला, आणि धुरात गुदमरलेल्या माणसाने जीव वाचवायला तो जसाच्या तसा परत दिला. त्याला आम्ही कबुली म्हणत होतो!

न राहवून मी त्याला विचारलं, "ही खोकरी मोरी कुठे आहे रे?"

तो हळूच म्हणाला, "ती फौजदारान सांगलेली. मना नाय म्हायती कंची."

साहेबांना त्याची बोली कळली नाही. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणतो?"

पडवीतले बूट थांबले. मला नोकरी दिसली, सोमवारची ओटी दिसली, माझं 'काय वाटेल ते कर' दिसलं. खरं सांगितलं तर पुढचा प्रश्न आलाच असता, की हे नाव फौजदाराला कुणी दिलं?

मी म्हणालो, "ठाकुर्लीजवळ, म्हणतो."

साहेबांनी सही केली. सहीच्या जागी नावाड्याची निशाणी वल्ह्याची. त्याला बोटं मिटता येईनात, म्हणून वल्हं मीच काढलं आणि त्याने कलमाला नुसता हात लावला. त्या जबाबावर तो काळ्या पाण्यावर गेला. मोरीपाशी पोलिसांना ढिम्म काही सापडलं नव्हतं. फौजदार म्हणाला, आपण पोचलो म्हणून तर पळाले. त्याला बढती मिळाली.

नावाडी निर्दोष होता असं मी म्हणत नाही. कदाचित त्याने खरोखरच बंडवाले उतरवले असतील, त्यांचा ठावठिकाणाही त्याला ठाऊक असेल. पण त्याला जे ठाऊक होतं ते कळलंच नाही. आमचीच भीती आम्ही त्याच्या तोंडात कोंबली आणि ती बाहेर आली तेव्हा खूश झालो. आजही कुणी 'अशांना फटक्यांचीच भाषा कळते' म्हणालं की मी तिथून उठतो. माझी लाज मला बसू देत नाही.

त्या गुरुवारी दुपारी गाडी वेळेवर आली. मुलगी सुखरूप उतरली, पोटावर हात धरून, घामाने डवरलेली. बायकोने तिच्या डोळ्यांना पाणी लावलं. मुलगी माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "अण्णा, आपली खोकरी मोरी अजून तश्शीच खोकते हो!"

मी म्हणालो, "कोणती मोरी?"