चुकली ती पेशी
शहाळं सोलल्याचा वास आला की मुरुडची ती दुपार आठवते आणि डोकं फिरतं. आईला कॅन्सर निघाला होता. शेजारच्या काकू शहाळं घेऊन आल्या आणि त्यांनी विचारलं, "असं कसं झालं?" डॉक्टरांनी समजावलेलं मी सांगितलं: एका पेशीच्या दोन होताना डीएनएची नक्कल होते, त्यात कुठे चुकलं आणि दुरुस्त व्हायचं राहिलं, की पुढे चुका वाढतच जातात. काकूंनी त्यातलं 'चुकलं' तेवढंच उचललं. "म्हणजे हिचंच कायतरी चुकलं. कुळाचार राहिला असेल." मी ओरडले, "चुकली ती पेशी, आई नाही!" काकू गेल्यावर आई हळूच म्हणाली, "काय राहिलं असेल गं माझ्याकडून?" शेवटपर्यंत ती तेच आठवत राहिली. काकूंना मी आजही माफ केलेलं नाही.